परकायाप्रवेश, तीन मिनिटांचा

दुसऱ्याच्या 'मी'ची कविता लिहिणे आणि ती श्रोत्यांसमोर उभे राहून म्हणणे, या दोन्हींत कसब आहे आणि जोखीमही.

कवितेत 'मी' आला की तो कवीच, असे आपण सहसा गृहीत धरतो. भावगीतांनी आणि आत्मपर कवितेने ही सवय आपल्याला लावली आहे. पण कवितेचा एक फार जुना प्रकार या गृहीतालाच धक्का देतो. त्यात बोलणारा 'मी' कवीचा नसतो. तो एखाद्या राजाचा असेल, मोलकरणीचा असेल, खुन्याचा असेल, क्वचित वादळाचा किंवा नदीचाही असेल. इंग्रजीत या प्रकाराला 'पर्सोना पोएम' म्हणतात. 'पर्सोना' हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ नटाचा मुखवटा असा आहे. मराठीत मात्र त्याहून नेमका शब्द पूर्वीपासून आहे : परकायाप्रवेश.

आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका अनेकांना ठाऊक असेल. त्या कथेतील एक तपशील मात्र सहसा विसरला जातो. आचार्य राजाच्या देहात असताना त्यांचा मूळ देह शिष्य राखत बसले होते आणि परतण्याची आठवणही त्यांनीच करून दिली. दुसऱ्याच्या देहात शिरणे जितके अवघड, तितकेच त्यातून परतणेही. मुखवट्याच्या कवितेचे सारे शास्त्र या एका तपशिलात सामावले आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

छापील पानावर ही कविता वाचताना वाचकाजवळ वेळ असतो. शीर्षक डोळ्यांसमोर असते, अडले तर मागची ओळ पुन्हा वाचता येते, कवीचा चेहरा समोर नसतो. रंगमंचावर यातले काहीच नसते. समोर एक माणूस उभा राहतो आणि 'मी' म्हणून बोलू लागतो. तो 'मी' त्याचा नाही, हे श्रोत्याला कळले पाहिजे. आणि तरीही त्या 'मी'वर विश्वास बसला पाहिजे. या दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करणे, हेच या कलेचे खरे आव्हान आहे.

वेशभूषेविना मुखवटा

'स्पोकन वर्ड' म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराला स्पर्धेचे रूप मिळाले ते अमेरिकेतील शिकागो शहरात. मार्क स्मिथ या बांधकाम कामगार असलेल्या कवीला रूढ काव्यवाचनाचा सुतकी गंभीरपणा मानवत नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्याने शहरातील मद्यालयांत कवितेचे कार्यक्रम सुरू केले आणि १९८६ साली 'ग्रीन मिल' या जॅझ क्लबात 'पोएट्री स्लॅम' सुरू झाली. १९९० साली सॅन फ्रान्सिस्को येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

या स्पर्धेचे नियम साधे होते. कविता स्वत:ची हवी, ती तीन मिनिटांत संपायला हवी. वेशभूषा, वाद्ये किंवा हातात कोणतीही वस्तू चालणार नाही. प्रेक्षकांतूनच निवडलेले पाच परीक्षक शून्य ते दहा गुण देत. त्यांतले सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरली जाई.

यातील वेशभूषेच्या बंदीचा परिणाम मुखवट्याच्या कवितेवर फार खोलवर झाला. नाटकातला नट पगडी घालतो, मिशा लावतो आणि स्वत:ला झाकतो. स्लॅमचा कवी स्वत:ला झाकू शकत नाही. त्याचा देह, वर्ण, वय, लिंग सारे प्रकाशात असते आणि त्या देहातून दुसऱ्याचे शब्द बाहेर पडतात. देह एक सांगतो आणि आवाज दुसरे, या विसंगतीतूनच कवितेचा अर्थ निर्माण होऊ लागतो.

याचे सर्वांत प्रखर उदाहरण म्हणजे पॅट्रिशिया स्मिथ या कृष्णवर्णीय कवयित्रीची 'स्किनहेड' ही कविता. राष्ट्रीय स्लॅम स्पर्धेचे वैयक्तिक विजेतेपद चार वेळा पटकावणाऱ्या या कवयित्रीने ही कविता लिहिली ती एका गोऱ्या वंशद्वेष्ट्या तरुणाच्या तोंडी. यंत्रात हाताची बोटे गमावून बेकार झालेला हा तरुण आपल्या दुर्दशेचे खापर काळ्या लोकांवर फोडतो, त्यांच्याविषयी गरळ ओकतो आणि आपण याच देशाचे लेकरू असल्याचे बजावतो. कागदावर ही कविता अस्वस्थ करते. पण ज्यांच्याविषयी हा द्वेष आहे, त्यांच्यातीलच एक स्त्री समोर उभी राहून तेच शब्द उच्चारते, तेव्हा श्रोत्याला पळवाट उरत नाही. ती त्या तरुणाची टवाळी करत नाही आणि त्याला माफही करत नाही. त्याचे दु:ख खरे आहे आणि त्याचा द्वेषही खरा आहे, एवढेच ती ऐकवते. हीच कविता कोणा गोऱ्या कवीने म्हटली असती, तर शब्द तेच राहूनही कविता वेगळी झाली असती.

पॅट्रिशिया स्मिथ यांनी पुढे 'ब्लड डॅझलर' (२००८) या संग्रहात २००५ सालच्या कतरिना चक्रीवादळालाच बोलते केले. पुराच्या वेळी शुश्रूषागृहात सोडून दिल्या गेलेल्या आणि बुडून मेलेल्या वृद्धांनाही त्यांनी एकेक आवाज दिला. अमेरिकेतील 'नॅशनल बुक अवॉर्ड'च्या अंतिम यादीत हा संग्रह होता.

त्यांच्याच आयुष्यातील दुसरी एक घटना वृत्तपत्र वाचणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे. त्या 'बोस्टन ग्लोब' या दैनिकात स्तंभलेखन करीत असत. आपल्या काही स्तंभांतील माणसे आणि त्यांची वाक्ये काल्पनिक होती, असे मान्य करून १९९८ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. क्रिया वरवर एकच दिसते : नसलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालणे. पण वृत्तपत्राचा वाचकाशी करार असतो, की हा माणूस आहे आणि तो हे बोलला. कवितेचा करार निराळा असतो : हा मुखवटा आहे, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. मुखवटा घालणे हा गुन्हा नव्हे. तो मुखवटा आहे हे लपवणे, हा विश्वासघात. रंगमंचावर उभे राहणाऱ्या कवीने हा फरक सतत ध्यानात ठेवायला हवा.

नाथांची नाममुद्रा

मराठी श्रोत्याला हा सारा प्रकार नवा वाटण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी लिहिलेली भारुडे म्हणजे गाऊन, नाचून, अभिनय करून सादर करण्याची मुखवट्याची कविताच होय. त्यांत वासुदेव बोलतो, जोशी बोलतो, जोगवा मागणारी बोलते. आंधळा, पांगळा, मुका आणि बहिराही बोलतात. ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या नाथांनी, गावगाड्यात ज्याला वेशीबाहेर ठेवले गेले त्या महाराचा 'मी'ही आपल्या मुखी घेतला आणि त्याच्या तोंडून उच्चवर्णीयांना चार शब्द सुनावले.

या भारुडांची एक युक्ती आजच्या कवीने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. सोंग कितीही रंगले, तरी शेवटी 'एकाजनार्दनी' ही नाममुद्रा येते. म्हणजे एका, जनार्दनस्वामींचा शिष्य. तेथे सोंग उतरते आणि कवी आपल्या नावानिशी समोर येतो. विंचू चावल्याच्या वेदनेचे रूपांतर कामक्रोधाच्या वेदनेत होते ते याच वळणावर. आपण ज्याला परतणे म्हटले, त्याची सोय नाथांनी रचनेतच करून ठेवली होती.

अर्थात, याच परंपरेत एक कठीण प्रश्नही दडलेला आहे. नाथांच्या आधी सुमारे दोनशे वर्षे चोखामेळा होऊन गेले. त्यांना मुखवट्याची गरज नव्हती. ते स्वत:चेच दु:ख स्वत:च्या नावाने सांगत होते. घेतलेला आवाज आणि भोगलेला आवाज, हे दोन्ही मराठीत शेजारी शेजारी उभे आहेत. पेशवाईतील शाहिरांच्या लावण्यांतही असेच घडते. विरहिणीचा 'मी' बहुधा पुरुषाने लिहिलेला असतो. ती तिची इच्छा आहे की पुरुषाने तिच्यात पाहू इच्छिलेली इच्छा, हा प्रश्न ऐकणाऱ्याने विचारायलाच हवा.

कोण, कोणाशी, आत्ताच का?

लेखनाकडे वळू. या प्रकाराचा आधुनिक आदर्श मानला जातो तो इंग्रज कवी रॉबर्ट ब्राऊनिंग. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या 'माय लास्ट डचेस' या कवितेत एक सरदार आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र पाहुण्याला दाखवत आहे. पाहुणा आला आहे तो सरदाराच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला. सरदार बोलतो ते रसिकतेविषयी, घराण्याच्या प्रतिष्ठेविषयी. पण बोलता बोलता पहिल्या पत्नीचा अंत त्यानेच घडवून आणला, हे वाचकाच्या ध्यानात येते. कविता कशी रचावी याचे तीन धडे येथे मिळतात. बोलणारा कोणाशी तरी बोलत असतो. त्याला आत्ता बोलण्याचे काही कारण असते. आणि जे सांगायचे नसते, तेच त्याच्या बोलण्यातून निसटते.

नवोदितांच्या कविता फसतात त्या बहुधा तिसऱ्या मुद्द्यावर. पात्र स्वत:ची व्यथा स्वत:च समजावून सांगू लागते. समजा, एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या वॉचमनवर कविता लिहायची आहे. 'मी एकाकी आहे, या शहराने माझी दखल घेतली नाही' असे त्याच्या तोंडी घातले, तर बोलतो तो वॉचमन नव्हे. चौथ्या मजल्यावरून त्याच्याकडे पाहणारा कवी बोलतो. वॉचमन कदाचित एवढेच म्हणेल : 'चारशे दोनचे साहेब रात्री दोनला येतात. हॉर्न नाही वाजवत. मी जागा असतो, ते त्यांना माहीत आहे.' या तीन वाक्यांत एकाकीपण हा शब्द नाही, पण ते आहे. साहेबांचेही आहे.

म्हणून लिहिण्यापूर्वी पात्राच्या ज्ञानाची सीमा आखून घ्यावी. त्याला काय दिसते, काय दिसत नाही? तो माणसांना नावांनी ओळखतो की फ्लॅटच्या आकड्यांनी? त्याच्या हाताला कशाची सवय आहे? त्याला कशाची लाज वाटते? या प्रश्नांची उत्तरे घरी बसून मिळत नाहीत. त्यासाठी त्या माणसाशी बोलावे लागते. त्याहून अधिक, ऐकावे लागते.

बोलीभाषेचा प्रश्न येथेच उद्भवतो. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत गावरान बोली बराच काळ नोकराच्या आणि विनोदाच्या वाट्याला आली. त्यामुळे वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणीचा नुसता उच्चार ऐकताच शहरी श्रोता हसण्याच्या तयारीत असतो. पात्राची बोली आपल्याला येत नसेल, तर शब्द वाकडे करून तिची नक्कल करू नये. वाक्याची लय, शब्दांचा क्रम आणि त्या व्यवसायातले दोन-चार नेमके शब्द, एवढ्यावर माणूस उभा राहतो.

कानासाठी लिहिताना

मंचावरच्या कवितेला मागे वळून पाहता येत नाही. श्रोत्याकडून एखादी ओळ निसटली की निसटली. त्यामुळे बोलणारा कोण, हे पहिल्या चार-पाच ओळींत कळायला हवे. 'मी एक वॉचमन आहे' असे सांगून नव्हे, तर त्याच्या जगातल्या एखाद्या वस्तूने किंवा कृतीने : गेटची साखळी, गाड्यांच्या नंबरांची वही, सकाळी सातला येणारा बदलीचा माणूस.

सावकाश आणि विरामांसह म्हटले, तर तीन मिनिटांत साधारणत: तीनशे ते साडेतीनशे शब्द बसतात. एवढ्या जागेत संपूर्ण चरित्र मावत नाही. एक रात्र, एक संभाषण, एक निर्णय मावतो. एखादी ओळ पुन:पुन्हा आणावी, पण प्रत्येक वेळी तिचा अर्थ थोडा सरकलेला असावा. पहिल्या वेळी तक्रार वाटलेली ओळ शेवटी कबुली वाटली, तर श्रोता ती घरी घेऊन जातो. जोडाक्षरांनी आणि लांबलचक समासांनी भरलेली वाक्ये कागदावर शोभतात. मोठ्याने म्हणताना श्वास पुरत नाही. लिहिलेली प्रत्येक ओळ उभे राहून मोठ्याने म्हणून पाहावी आणि जीभ अडखळेल तेथे ती मोडावी.

उभे राहणे आणि परतणे

सादरीकरणाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की ते म्हणजे नक्कल. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. तो एकपात्री नाट्यप्रयोगाचा विस्मयकारक आविष्कार होता. कवितेत मात्र सगळे शब्दांवर उभे असते. तेथे अभिनय कमी आणि निवड अधिक लागते. पात्राची एकच शारीरिक खूण शोधावी : खांद्याची ठेवण, हातांची जागा, बोलण्यापूर्वी घेतलेला श्वास. ती एक खूण तीन मिनिटे सांभाळली तरी पुरे.

दुसरी गोष्ट नजरेची. पात्र ज्याच्याशी बोलते आहे, त्याला सभागृहात एक जागा द्यावी. वॉचमन चारशे दोनच्या साहेबांशी बोलत असेल, तर साहेब कोठे उभे आहेत हे कवीला ठाऊक हवे. नजर तेथे गेली की श्रोत्यांना ते संभाषण 'ऐकू येते' आणि आपण ते चोरून ऐकत आहोत, अशी त्यांची भावना होते. याउलट नजर सगळ्यांवरून फिरत राहिली, तर कवितेचे भाषण होते. टी. एस. एलियट यांनी १९५३ सालच्या 'कवितेचे तीन आवाज' या व्याख्यानात असे निरीक्षण नोंदवले होते, की नाट्यात्म स्वगतात मुखवट्याआडून शेवटी कवीच श्रोत्यांशी बोलत असतो. हे खरे आहे. पण म्हणूनच त्याने मुखवटा घाईने दूर करू नये.

कवितेपूर्वी लांबलचक प्रस्तावना टाळावी. ज्या कवितेला तिच्याहून मोठा खुलासा लागतो, ती अजून लिहून झालेली नसते. मात्र कवितेत शिव्या, जातिवाचक उद्गार किंवा हिंसा असेल, तर एका वाक्यात सावध करणे हा सौजन्याचा भाग आहे. शेवटचा शब्द उच्चारल्यावर एक-दोन श्वास तसेच थांबावे, मग खांदे सैल सोडून स्वत:च्या उभे राहण्याकडे यावे आणि नंतरच 'धन्यवाद' म्हणावे. नाममुद्रा नसलेल्या कवितेत हा विरामच नाममुद्रेचे काम करतो.

मुखवटा कोणाचा घ्यावा?

एवढे करूनही गल्लत होतेच. ब्रिटिश कवयित्री कॅरोल अ‍ॅन डफी यांनी १९८५ सालच्या संग्रहात, कोणाला तरी मारण्याचे ठरवून ब्रेड कापण्याची सुरी घेऊन बाहेर पडणाऱ्या एका निराश, बेकार तरुण व्यक्तीच्या तोंडी कविता लिहिली होती. तक्रारी आल्यानंतर २००८ साली इंग्लंडमधील एका परीक्षा मंडळाने ती शालेय संकलनातून काढून टाकली. चाकूहल्ल्यांमुळे तेव्हा समाजात भीतीचे वातावरण होते. त्या तरुणाच्या मनात डोकावणारी कविता त्याची पाठराखण समजली गेली. पुढच्याच वर्षी डफी ब्रिटनच्या राजकवी झाल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

दुसरे प्रकरण २०१८ सालचे. अमेरिकेतील 'द नेशन' या नियतकालिकात एका गोऱ्या कवीची, बेघर भिक्षेकऱ्याच्या तोंडी लिहिलेली कविता छापून आली. तिच्यातील भाषा कृष्णवर्णीयांच्या बोलीच्या वळणाची होती. त्यावर टीकेचे मोहोळ उठले. कवितेच्या संपादकांनी माफी मागितली आणि कवीनेही. त्यावर, मग कल्पनाशक्तीला कुंपण घालायचे काय, असाही प्रतिप्रश्न झाला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की प्रश्नाचे दोन पदर वेगळे दिसतात. डफींच्या बाबतीत मुखवटाच कवीचा चेहरा मानला गेला. दुसऱ्या प्रकरणातला आक्षेप निराळा होता : ज्यांच्या बोलीची आजवर टवाळी झाली, तीच बोली बाहेरच्याने उसनी का घ्यावी? 'स्किनहेड'मध्ये दुबळ्या बाजूची स्त्री प्रबळाचा आवाज घेते. उलट दिशेने जाणाऱ्याची जबाबदारी वाढते. मराठीत तर ती अधिकच आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि दलित लेखकांच्या पिढ्या स्वत:च्या नावाने बोलू लागल्या. त्यानंतर 'ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज' होण्याची भाषा कोणा कवीने करू नये. आवाज आहे, प्रश्न तो ऐकण्याचा आहे.

म्हणजे परकायाप्रवेश वर्ज्य ठरतो काय? तसे नाही. नारायण सुर्वे यांचेच उदाहरण पाहावे. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेले हे मूल पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. या शिक्षकाने, मुलाचे नाव शाळेत घालायला आलेल्या वेश्येची कविता लिहिली. तीत बोलते ती आई. ऐकतो तो मास्तर. म्हणजे कवीने स्वत:ला बसवले ते ऐकणाऱ्याच्या खुर्चीत. तिच्या दु:खाचे तो निरूपण करत नाही. तिच्या प्रश्नापुढे मास्तर निरुत्तर होतो, एवढेच कविता दाखवते. सुर्वे ही कविता सभांतून म्हणत, तेव्हा तिला कोणत्याही खुलाशाची गरज भासत नसे.

कवितेला मंचावर नेण्यापूर्वी स्वत:ला एक प्रश्न विचारावा : ज्याचा 'मी' मी घेतला आहे, तो माणूस पहिल्या रांगेत बसला असेल, तर मी ही कविता अशीच म्हणेन काय? उत्तर 'नाही' असेल, तर कविता फाडण्याचे कारण नाही. पण कोणती ओळ त्याच्यासमोर म्हणता येणार नाही, हे शोधावे. बहुधा त्या ओळीत पात्र नसते. तेथे कवीची कीव असते, नाही तर टाळीची हाव.

ज्यांना या प्रकाराचा आरंभ करायचा आहे, त्यांनी दु:खी-पीडितांपासून सुरुवात न करता, ज्याचे आपल्याला मुळीच पटत नाही अशा माणसापासून करावी. घरभाडे वाढवणारा मालक, मुलीच्या लग्नाला विरोध करणारे वडील, रांग मोडून पुढे घुसणारा गृहस्थ. त्याला तीन मिनिटे द्यावी, मध्ये तोडू नये, त्याच्या बाजूने जितके खरे बोलता येईल तितके बोलू द्यावे. कविता चांगली होईल की नाही, हे सांगता येत नाही. पण त्या माणसाशी पुढच्या वेळी वाद घालताना आपण त्याचे म्हणणे पूर्वीपेक्षा थोडे अधिक ऐकून घेतलेले असेल, एवढे मात्र नक्की.